बंदराचे नाव एक, गाव दुसरेच

भूमध्य समुद्रातील क्रूझच्या माहितीपत्रकात ‘रोम’ छापलेले असते, पण जहाज लागते चिव्हितावेक्कियाच्या धक्क्याला. तिथून रोम पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर आणि तिथून पुढे जवळपास ९० किलोमीटरचा रस्ता. ‘अथेन्स’ म्हणजे पिरेअस, ‘इफेसस’ म्हणजे तुर्कस्तानातले कुशादासी. बार्सिलोना आणि नेपल्स ही मात्र नावाला जागणारी बंदरे आहेत. जहाजातून उतरले की शहर समोर असते. क्रूझ आखायला बसताना हा फरक सर्वात आधी नकाशावर बोटाने मोजून पाहावा. जहाज किती मजल्यांचे आणि त्यावर जलतरण तलाव किती, हे प्रश्न त्यानंतरचे.

चिव्हितावेक्कियाचाच हिशोब पाहू. समजा, जहाज सकाळी सातला धक्क्याला लागते आणि संध्याकाळी सातला सुटते. कागदावर बारा तास दिसतात. प्रत्यक्षात प्रवासी उतरेपर्यंत साडेसात-आठ होतात. बंदराच्या आवारात पायी फिरता येत नाही, म्हणून शटल बसने फाटकापर्यंत आणि तिथून रेल्वे स्टेशनवर जायचे, मग गाडीची वाट पाहायची आणि तासाभराचा प्रवास करायचा. रोममध्ये पाऊल टाकताना दहा वाजत आलेले असतात. जहाज सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी सर्वांनी परत चढलेले असावे लागते, शिवाय गाडी उशिरा आली तर हाताशी थोडा वेळ हवा. म्हणजे साडेतीन-चारला रोम सोडलेच पाहिजे. हातात उरतात सहा तास. एवढ्या वेळात कोलोसियम, व्हॅटिकन आणि ट्रेव्हीचे कारंजे ‘करून’ आलेल्या माणसाला रात्री काय आठवते, तर बसची खिडकी आणि गाईडच्या हातातली उंच धरलेली छत्री.

म्हणून मोठी शहरे जहाजाच्या भरवशावर सोडू नयेत. ती हॉटेलात राहून पाहावीत, आणि बेटे व लहान बंदरे जहाजावरून. त्यासाठी सर्वात सोयीची आखणी म्हणजे एका शहरात चढून दुसऱ्या शहरात उतरणारा मार्ग. उदाहरणार्थ, रोममध्ये तीन रात्री, मग चिव्हितावेक्कियाहून नेपल्स, सँटोरिनी, कुशादासी करत पिरेअसपर्यंत क्रूझ, आणि शेवटी अथेन्समध्ये दोन रात्री. विमानाचे तिकीट जातानाचे रोमचे आणि येतानाचे अथेन्सचे, असे एकत्रच काढावे. ज्या दिवशी जहाज सुटते त्याच दिवशी मुंबईहून पोचणारे विमान धरणे हा धोका पत्करू नये. आखाती देशांत विमान बदलताना जोडणी चुकली, बॅग मागे राहिली, तर जहाज कोणासाठी थांबत नाही. सुरुवातीचे हॉटेलचे मुक्काम ही त्या दृष्टीने चैन नाही, तो प्रवासाचा विमा आहे.

हॉटेल कोणत्या भागात घ्यावे, याचे उत्तर पुढच्या प्रवासात असते. चिव्हितावेक्कियाला जाणाऱ्या गाड्या रोमच्या तेर्मिनी, ओस्तिएन्से, त्रास्तेवेरे आणि सान पिएत्रो या स्थानकांवर थांबतात. सान पिएत्रो स्थानक व्हॅटिकनपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. त्याच्या आसपास मुक्काम केला तर व्हॅटिकन पायी होते आणि जहाजाच्या दिवशी बॅगा घेऊन शहर ओलांडावे लागत नाही. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. फ्लॉरेन्सचे उफिझी कलादालन सोमवारी बंद असते. आपला दिवस कोणत्या वारी येतो, हे बुकिंग करण्यापूर्वी पाहिले नाही तर हजारो किलोमीटर जाऊन बंद दार बघावे लागते. इटलीत रेल्वेचे संप होत राहतात आणि ते बहुतेक आधी जाहीर होतात. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवण्याचे बंधन असते. जहाजाच्या दिवशी संप आलाच, तर सकाळची गाडी धरता येते.

व्हिशाचे गणित भारतीय प्रवाशासाठी वेगळे आहे आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. इटली आणि ग्रीस दोन्ही एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या शेंगेन क्षेत्रात येतात, पण तुर्कस्तान येत नाही. कुशादासीला जहाज लागले की प्रवासी शेंगेनच्या बाहेर पडतो आणि पिरेअसला पुन्हा आत येतो. त्यामुळे एका प्रवेशाचा व्हिसा इथे पुरत नाही, एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो, आणि अर्ज भरताना तो स्पष्ट मागावा लागतो. तुर्कस्तानचा व्हिसा निराळा. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तो ऑनलाइन मिळू शकतो, मात्र त्याच्या अटी निघण्यापूर्वी पुन्हा वाचून घ्याव्यात. शेंगेनचा अर्ज जिथे सर्वाधिक दिवस काढायचे त्या देशाकडे करायचा, दिवस सारखे असतील तर जिथे पहिला प्रवेश होतो त्या देशाकडे. वरच्या आखणीत रोमचे मुक्काम आणि नेपल्स धरून पारडे इटलीकडे झुकते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईत अपॉइंटमेंट मिळणे कठीण होते, म्हणून मे महिन्याच्या प्रवासाचे कागद जानेवारीतच तयार असावेत.

मे महिना या समुद्रासाठी उत्तमच. मराठी घरांतली शाळेची सुट्टी इथे नेमकी कामी येते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढते, गर्दी टिपेला असते आणि एजियन समुद्रात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. अथेन्समध्ये अलीकडच्या काही उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेमुळे अक्रोपोलिस ऐन दुपारी बंद ठेवावे लागले आहे. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरही चांगला.

आता किनाऱ्यावरच्या सहली. सहली जहाज कंपनीकडून घ्यायच्या की स्वतः करायच्या, याचे एकच उत्तर सर्व बंदरांना लागू पडत नाही. कंपनीची सहल महाग असते आणि पन्नास-पन्नास माणसांच्या तांड्याने फिरावे लागते. पण ती बस उशिरा आली तर तिची जबाबदारी कंपनीची असते. स्वतः फिरणाऱ्याला उशीर झाला, तर पुढचे बंदर त्याने स्वखर्चाने गाठायचे. तेव्हा अंतर लांब आणि वाहतूक बेभरवशाची असेल तिथे कंपनीची सहल घ्यावी, अंतर जवळचे आणि रेल्वे सरळ असेल तिथे स्वतः जावे.

नेपल्स हे स्वतः फिरण्याचे बंदर. जहाज लागते त्याच्या जवळच मुनिचीपियो हे मेट्रोचे स्थानक आहे, तिथून गारिबाल्दी, आणि गारिबाल्दीहून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल गाडी. गाडी जुनी, गर्दीची, खिसेकापूंसाठी बदनाम. मुंबईच्या लोकलमध्ये घडलेल्या माणसाला ती अनोळखी वाटणार नाही. पाकीट पुढच्या खिशात ठेवावे एवढेच. पाऊण तासाच्या आत ‘पॉम्पेई स्कावी’ स्थानक येते आणि प्रवेशद्वार समोरच असते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले हे शहर पाहायला तीन तास कमी पडतात. नोव्हेंबर २०२४ पासून इथे दिवसाला २० हजार प्रवाशांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असते, म्हणून ते आधी काढून ठेवावे. जमीन दगडी, खडबडीत आणि सावली जवळजवळ नाही. गुडघे कुरकुरणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जायचे असेल, तर त्याच लोकलवर अलीकडे लागणारे हर्क्युलेनियम अधिक योग्य. ते लहान आहे, गर्दी कमी आहे आणि तिथे घरांचे वरचे मजले व जळून कोळसा झालेले लाकूडसुद्धा टिकून आहे. पॉम्पेईच्या नावापायी हर्क्युलेनियमकडे दुर्लक्ष होते, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

सँटोरिनीला मात्र मोठी जहाजे धक्क्याला लागतच नाहीत. बेटासमोरचे पाणी म्हणजे समुद्र शिरलेले ज्वालामुखीचे विवर. तिथे जहाज पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून, म्हणजे टेंडरने, जुन्या बंदरावर सोडले जाते. समोर दोनशे मीटरहून अधिक उंच सरळ कडा, वर फिरा गाव. वर जायला तीन वाटा आहेत: केबल कार, ५८०हून अधिक पायऱ्या, किंवा त्याच पायऱ्यांवरून चढणारी गाढवे आणि खेचरे. पायऱ्या घासून गुळगुळीत झालेल्या, त्यात जनावरांची लीद. चढताना घसरण्याची भीती आणि वरून उतरणाऱ्या गाढवांना वाट देताना भिंतीला चिकटून उभे राहायचे. २०१८ मध्ये ग्रीसने या जनावरांवर १०० किलोंपेक्षा जास्त वजन लादायला मनाई केली, पण उन्हात दिवसभर होणारी त्यांची ओढाताण पाहता त्यांच्यावर बसूच नये. केबल कार काही मिनिटांत वर नेते. खरी अडचण परतताना येते. तीन-चार जहाजांचे प्रवासी एकाच सुमारास खाली उतरू पाहतात आणि रांग गल्लीत वळसे घेत तासाभराची होते. शेवटची होडी पाचची असेल तर रांगेत साडेतीनला उभे राहावे. याच कारणाने २०२५ पासून बेटावर दिवसाला ८ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा लावली गेली, आणि त्या वर्षीच्या जुलैपासून हंगामात माणशी २० युरोंचा करही सुरू झाला. मेल्टेमी जोरात असला तर टेंडर रद्द होते. अशा वेळी कंपनीच्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरून घेतलेल्या सहलीचे मिळतीलच असे नाही, तेव्हा रद्द करण्याची अट बुकिंगच्या वेळीच वाचावी.

कुशादासीहून इफेसस सुमारे २० किलोमीटरवर. या प्राचीन नगरीच्या अवशेषांना वरचे आणि खालचे अशी दोन फाटके आहेत. वरच्या फाटकाने आत शिरून उतरत यावे, म्हणजे सेल्ससच्या ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत उताराच्या शेवटी समोर येते आणि दमही लागत नाही. सहलीच्या अखेरीस गालिच्यांच्या दुकानात नेण्याची इथे पद्धत आहे. तो वेळ वाचवायचा असेल तर चौघांनी मिळून खासगी गाडी आणि गाईड घेणे परवडते.

पिरेअसहून अथेन्सच्या मध्यभागी मेट्रोने जाता येते. २०२२च्या ऑक्टोबरपासून तिसरी मार्गिका पिरेअसपासून मोनास्तिराकी आणि सिंताग्मा करत थेट विमानतळापर्यंत जाते. या दोन स्थानकांजवळ हॉटेल घेतले की जहाज, शहर आणि विमान एकाच मार्गिकेवर येतात. अक्रोपोलिसला वेळ ठरवून तिकीट काढावे लागते. सकाळी आठची वेळ मिळाली तर ती सोडू नये.

पश्चिमेकडच्या मार्गावर बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ ही बंदरे येतात. मार्सेय म्हणजे मराठी माणसाच्या तोंडचे मार्सेलिस. ८ जुलै १९१० रोजी इथल्याच बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली होती. बार्सिलोनात सग्रादा फामिलिया चर्चचे वेळेचे तिकीट काही आठवडे आधी काढणे गरजेचे आहे. व्हेनिसचे नाव पाहून मार्ग निवडणाऱ्याने मात्र बंदर तपासावेच. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरच्या पाण्यात बंदी आहे आणि ती मार्गेरा, त्रिएस्ते किंवा अगदी राव्हेन्नाला लागतात.

जहाजावरच्या काही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात. चढताना बॅगा धक्क्यावरच घेतल्या जातात आणि केबिनच्या दारात संध्याकाळपर्यंत येतात. औषधे, पासपोर्ट आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, म्हणून सकाळचे कपडे आत राहिले आहेत ना ते पाहावे. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच कळवावे. तिकिटात केबिन, मुख्य भोजनगृहातले जेवण आणि करमणूक येते. दररोजची माणशी टिप, पेये, वायफाय आणि सहली यांचे पैसे वेगळे. परदेशी पॅकेजवर भारतात टीसीएस हा कर आगाऊ घेतला जातो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, तेव्हा पावती जपावी. सुरक्षेच्या कवायतीला मुळीच दांडी मारू नये. जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज जील्यो बेटाजवळ खडकावर आदळून ३२ जण मेले, तेव्हा त्याच संध्याकाळी चिव्हितावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

एक शेवटची काळजी घड्याळाची. इटलीहून ग्रीसकडे जाताना वेळ एक तास पुढे जाते. जहाज आपले घड्याळ कधी बदलणार ते कप्तान जाहीर करतो, पण मोबाईल किनाऱ्याचे नेटवर्क पकडून स्वतःच वेळ बदलतो. मोबाईलमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद ठेवा, मनगटावर साधे घड्याळ बांधा आणि उतरताना जिन्यापाशी लावलेली परतीची वेळ त्याच्याशी ताडून घ्या.