ऑनलाईन एम.ए.वाल्यांना प्राध्यापकीचे दार बंद कसे?

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात वस्तीतली एक मुलगी आली. बाप वारलेला, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी दिवसा एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. रात्री मोबाईलवर तास ऐकून तिने समाजशास्त्रात ऑनलाईन एम.ए. केले आणि दुसऱ्या प्रयत्नात सेट काढली. एका अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाच्या राखीव जागेसाठी तिने अर्ज केला. छाननीच्या यादीत तिच्या नावापुढे शेरा पडला : 'पदवी नियमित नाही, अपात्र'. चार शब्दांत पोरीची पाच वर्षे कचऱ्यात!

हा शेरा कोणत्या कायद्यात बसतो? कोणत्याच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाईन शिक्षणाची नियमावली ४ सप्टेंबर २०२० ची आहे. तिचा बाविसावा नियम स्वच्छ सांगतो की, मान्यताप्राप्त संस्थेने दूरस्थ वा ऑनलाईन पद्धतीने दिलेली पदवी आणि पदव्युत्तर पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाईल. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हेच पुन्हा जाहीर केले. सहायक प्राध्यापकाला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, आणि जोडीला नेट किंवा सेट. या मुलीकडे सगळे होते. नव्हती ती फक्त छाननीच्या टेबलावर कुणाची ओळख.

मात्र आपल्या बांधवांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. ऑनलाईन म्हटले की, कुठलेही दुकान चालते असे समजू नका. वस्त्यावस्त्यांतून दलाल फिरत आहेत. 'फी भरा, पदवी घरपोच' असे सांगून ते आईबापांनी व्याजाने काढलेला पैसा उचलतात. मान्यता विद्यापीठाला असून भागत नाही. त्या अभ्यासक्रमाला, त्या पद्धतीला आणि त्या वर्षाला ती असावी लागते. आयोगाच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची यादी पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने स्वतःचा 'डेब आयडी' काढावा लागतो. तो न मागता जो प्रवेश देतो, त्याच्या दारात उभेही राहू नका. पीएच.डी. तर दूरस्थ किंवा ऑनलाईन होतच नाही. तशी जाहिरात दिसली तर ती फसवणूक आहे. आमच्या वकिलीचे शिक्षणही या मार्गाने मिळत नाही.

फसल्यावर काय होते ते ३ नोव्हेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसले. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना परीक्षेची संधी दिली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. चूक संस्थांची, पण पदव्या गेल्या विद्यार्थ्यांच्या.

आता 'नियमित' या शब्दाकडे येऊ. घरात बसून शिकलेला काय शिकवणार, असे प्रस्थापित नाक मुरडून विचारतात. आम्ही उलट विचारतो, तुमच्या 'नियमित'वाल्यांना शिकवायचे शिक्षण कुणी दिले? पहिलीच्या पोरांना शिकवायला डी.एड. लागते, पण महाविद्यालयात उभे राहायला शिकवण्याचे एक अक्षर शिकलेले असावे लागत नाही. नेमणूक झाल्यावर काही आठवड्यांचे उद्बोधन वर्ग होतात, त्यासाठीची अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे १९८७ पासून निघाली. म्हणजे वर्गात सगळे सारखेच कोरे उतरतात. मग हा सोवळेपणा एकाच पदवीपुरता कशाला?

बाबासाहेब १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा कोलंबियाच्या एम.ए.बद्दल शंका घ्यायला कुणाला जागा नव्हती. तिथे सहकाऱ्यांना खुपला तो पाण्याचा माठ. पुढे १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि वर्ग सकाळी भरवले, कारण नोकरी करून शिकणारा विद्यार्थी त्यांना वर्गात हवा होता. सकाळी कॉलेज आणि दिवसा कचेरी करणाऱ्या त्या पोरांना कुणी अनियमित म्हटले नाही. आज मोबाईलवर रात्री शिकणारी ही मुलगी त्यांच्याच रांगेतली आहे.

पात्रतेची भिंत ओलांडली तरी पुढे मुलाखतीची आहेच. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने शैक्षणिक गुणांचा तक्ता केवळ मुलाखतीला बोलावण्यापुरता ठेवला आणि निवड निव्वळ मुलाखतीवर सोपवली. ज्याच्या संस्थेत मुलाखत, त्याच्याच हातात तराजू! 'रेट' काय चालतो हे आम्ही सांगायला नको; तासिका तत्त्वावर झिजणाऱ्या कुठल्याही नेट-सेटधारकाला विचारा. पण त्याच नियमावलीत आपल्या कामाची एक तरतूद आहे. अर्जदारांत अनुसूचित जातीचा उमेदवार असेल आणि निवड समितीत त्या प्रवर्गातला कुणी नसेल, तर कुलगुरूंनी त्या प्रवर्गातला शिक्षणतज्ज्ञ नेमायचा आहे. हे आपल्यातल्या कितीजणांनी वाचले आहे? मुलाखतीला जाण्याआधी समितीची रचना माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाची पोच घ्या, आणि अपात्रतेचे कारण लेखी मिळाल्याशिवाय टेबलावरून हलू नका. तोंडी नकार न्यायालयात दाखवता येत नाही.

या मुलीने शेऱ्याचा मोबाईलवर फोटो काढून आणला होता. त्यावर आम्ही महाविद्यालयाला नोटीस दिली, बाविसावा नियम जोडला, प्रत विद्यापीठाला पाठवली. नवव्या दिवशी सुधारित यादी लागली. तिचे नाव अकराव्या क्रमांकावर आहे. मुलाखत पुढच्या मंगळवारी, आणि समितीत कोण बसणार याचे उत्तर अजून आलेले नाही.