पत्त्यांच्या डावावर शिक्षण लावावे काय?



कोल्हापुरातील एका ख्रिस्ती कुटुंबाचा प्रश्न आमच्यापर्यंत आला आहे. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. मोबाईलवर पोकर खेळून त्याने सात-आठ महिन्यांत एका वर्षाच्या फीएवढी रक्कम मिळविली होती. पुढे कायदा बदलला आणि मोबाईलवरील तो खेळ बंद झाला; मुलाच्या मनातला विचार मात्र बंद झाला नाही. आता महाविद्यालय सोडून गोव्याला जावे आणि तेथील कॅसिनोत पोकर हाच व्यवसाय करावा, असे तो म्हणतो. "फादर, पोरगा वाया गेलेला नाही, हुशार आहे. म्हणूनच त्याला काय उत्तर द्यावे ते कळत नाही," असे त्याची आई म्हणाली. कुटुंबाची ओळख आम्ही येथे देत नाही. परंतु हा प्रश्न एकाच घराचा नसल्याने त्याचा सविस्तर विचार करणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम मुलाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. पोकर म्हणजे मटका नव्हे. मटक्यात आकडा लावणाऱ्याच्या हाती काहीच नसते. पोकरमध्ये कोणती पाने येतील हे नशिबावर असले, तरी डाव केव्हा सोडावा, किती रक्कम लावावी, समोरच्याच्या मनात काय असावे, हे सारे बुद्धीने ठरवावे लागते. आपली न्यायालयेही याबाबत एकमताची नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. पोकरच्या बाबतीत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली प्रतिकूल निर्णय दिला, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ साली त्याला कौशल्याच्या खेळांत गणले. कोझिकोडच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने तर पोकरच्या आधारे व्यवसायनीतीचा अभ्यासक्रमही शिकविला आहे. तेव्हा "हा नुसता जुगार आहे" एवढेच सांगून मुलाला गप्प करता येणार नाही. त्याला आपल्याहून अधिक माहिती असण्याचाच संभव आहे.

परंतु खेळ कौशल्याचा आहे, एवढ्याने तो उपजीविकेचे साधन ठरतो काय? येथेच खरा प्रश्न सुरू होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेने व २१ तारखेला राज्यसभेने विधेयक संमत केले. २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच त्याने बाजूला ठेवला. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरविले नाही. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत मिळून २०,००० कोटी रुपये गमावतात, असा शासनाचा अंदाज होता. कायद्याला न्यायालयांत आव्हान देण्यात आले. पण मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ त्याच महिन्यात थांबविले. ज्यांनी या खेळावर घर चालविण्याचे ठरविले होते, त्यांचा व्यवसाय तीन दिवसांत संपला.

असे प्रथमच घडले असेही नाही. अमेरिकेत १५ एप्रिल २०११ रोजी शासनाने पोकरची मोठी संकेतस्थळे बंद पाडली. त्यांपैकी एका कंपनीकडे खेळाडूंचे पैसे परत करण्याइतकी रक्कमच शिल्लक नव्हती. आपले पैसे मिळण्यासाठी अनेकांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. नोकरी गेलेल्या अभियंत्याला दुसऱ्या कारखान्याचे दार ठोठावता येते. टेबल उठल्यावर पोकरपटूने कोठे जावे?

"म्हणूनच गोवा," असे मुलगा म्हणतो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहे. १९७६ साली आपल्याकडेही कॅसिनोचा कायदा संमत झाला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्याने मात्र त्याच १९७६ सालच्या आपल्या कायद्यात १९९२ व १९९६ साली दुरुस्त्या करून प्रथम पंचतारांकित हॉटेलांत आणि नंतर जहाजांवर अशा खेळांना वाट दिली. मांडवीतील ती जहाजे पणजीला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहेत. तेथे एकवीस वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नाही. विशेष म्हणजे खुद्द गोवेकरांनी कॅसिनोत खेळू नये, असा निर्णय तेथील सरकारने २०२० साली जाहीर केला. जे आपल्या मुलांसाठी नको, ते पाहुण्यांच्या मुलांसाठी चालेल, असा याचा अर्थ होतो. कोल्हापूरचा मुलगा तेथे पाहुणाच असेल.

आता टेबलावरचा हिशेब पाहू. समजा, नऊ जण प्रत्येकी १०,००० रुपये घेऊन बसले. टेबलावर ९०,००० रुपये आले. प्रत्येक डावातून जागेचा मालक आपला हिस्सा काढून घेतो. खेळाडू त्याला 'रेक' म्हणतात. रात्रभरात हा हिस्सा ६,००० रुपये झाला असे धरू. नऊ जणांत मिळून आता ८४,०००च उरले. एकाने ३०,००० घेऊन घरी जावयाचे, तर उरलेल्या आठ जणांनी मिळून २६,००० गमावलेच पाहिजेत. या टेबलावर नवे काही पिकत नाही, घडत नाही, दुरुस्त होत नाही. मालकाखेरीज कोणाचाही फायदा निश्चित नाही. शिवाय प्रवास, खोलीचे भाडे, जेवण आणि जिंकलेल्या रकमेवरील कर हे सारे त्या मिळकतीतूनच जावयाचे.

मुले यशस्वी खेळाडूंची उदाहरणे देतात. ख्रिस मनीमेकर या अमेरिकन तरुणाने २००३ साली लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर मिळविले आणि जगभर पोकरची लाट आली. त्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण खेळले होते. त्यांपैकी किती जणांची नावे आपण ऐकली आहेत? आणि स्वतः मनीमेकर तेव्हा शिक्षण पूर्ण करून हिशेबनीस म्हणून नोकरी करीत होता, हे सहसा सांगितले जात नाही. हरला असता, तरी सोमवारी सकाळी कामावर जाण्यास त्याला जागा होती.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत अनेकांना वाटते तितकी कठोर नाही. प्रेषितांनी मथियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच केली. आपल्या धर्मग्रामाच्या सणात आपण हाऊजी खेळतो, सोडतीची तिकिटे विकतो. मुलाने त्यावर बोट ठेवले तर रागावू नये. धर्मशिकवणीच्या ग्रंथातील २४१३ वा परिच्छेद सांगतो, की नशिबाचे खेळ किंवा पैजा स्वतःहून अन्याय्य नाहीत. पण एखाद्याच्या स्वतःच्या वा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेचे हिरावले जाऊ लागले, की त्या अस्वीकार्य ठरतात. त्यांची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असाही इशारा तेथे आहे. या कसोटीवर हौशी आणि धंदेवाईक खेळाडूत मोठे अंतर पडते. मित्रांच्या मेळ्यात शंभर रुपये हरणाऱ्याचे काही अडत नाही. पोटासाठी खेळणाऱ्याला मात्र आपल्याहून कच्चा खेळाडू रोज शोधावा लागतो आणि तो हरत राहावा अशी इच्छा धरावी लागते. तो कच्चा खेळाडू कोणाच्या फीचे, कोणाच्या औषधाचे पैसे घेऊन बसला आहे, हे विचारण्याची सोय टेबलावर नसते.

कोल्हापूरला धाडसाचे वावडे नाही. १९५२ साली राजाराम महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी खाशाबा जाधव यांना हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या खेळून त्यांनी ते कर्ज फेडले. प्राचार्यांनी घर पणाला लावले, तेही एक धाडसच होते. परंतु त्यात दुसऱ्या कोणाचे घर पणाला लागले नव्हते. कुस्तीतही एक हरतो. पण हरलेल्या मल्लाच्या घरचे पीठ जिंकणाऱ्याच्या घरी जात नाही.

मग त्या आईला आम्ही काय सांगितले? मुलाशी भांडू नका, त्याच्याकडे हिशेब मागा. जिंकलेल्या दिवसांचाच नव्हे, तर प्रत्येक दिवसाचा, तासांसह. तो कोणाचे उसने पैसे लावीत आहे काय, ते विचारा. हरल्यावर ते भरून काढण्यासाठी तो पुन्हा बसतो काय, झोप उडाली आहे काय, ते पाहा. तसे असेल तर प्रश्न व्यवसायाचा नसून आजाराचा आहे आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर शासनाची मोफत मदत आहे. अभ्यासक्रमच नकोसा झाला असेल, तर तेही उघड बोलावे. २०२१ पासून मिळविलेले श्रेयांक जमा ठेवून पुन्हा शिक्षणाकडे येण्याची सोय झाली आहे. ती आपल्या अभ्यासक्रमाला लागू आहे काय, हे महाविद्यालयात विचारावे. शाखा बदलणे म्हणजे अपयश नव्हे. आणि आकड्यांची एवढी जाण असलेल्या मुलासाठी संख्याशास्त्र, विमा, संगणकशास्त्र ही क्षेत्रे खुली आहेत. तेथे हीच बुद्धी कोणाला न लुबाडता चालते.

मुलगा अद्याप ठरवीत आहे. तिसऱ्या वर्षाची परीक्षा देईन, असे त्याने आईला सांगितले आहे, त्यापुढचे नाही. आमच्या मते तूर्त एवढे पुरेसे आहे. पदवी हातात आल्यावर पत्ते तेथेच असतील. पत्त्यांपायी गेलेली वर्षे मात्र परत मिळत नाहीत. या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या सर्वांसाठी आपण प्रार्थना करावी, आणि आपल्या घरातील मुलगा असा प्रश्न घेऊन आला, तर ओरडण्यापूर्वी त्याच्याजवळ तासभर बसावे, ही विनंती.