पाय धुतले, पण पुसले का?

दिवाळीच्या पहाटे घरोघर अभ्यंगस्नानाची धांदल उडते. तेल डोक्याला मिळते, पाठीला मिळते. उटणे दंडांना लागते, पोटऱ्यांना लागते. आणि सगळे आटोपून वाटीत काही उरलेच तर ते पावलांच्या वाट्याला येते. सबंध देहाचा भार वाहणाऱ्या अवयवाची ही अशी बोळवण!

आम्ही पाय धूत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. बाहेरून आले की आधी पाय धुवायचे, मग घरात यायचे, हा संस्कार आपल्याकडे जुना आहे. खानदेशात तर त्यावाचून गत्यंतरच नाही. आमची जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिची धूळ होते आणि पावसाळ्यात चिखल. जळगावहून एरंडोल, पारोळा करीत एसटीने धुळ्याला उतरलेल्या माणसाचे पाय पाहावेत. कोणता महिना चालू आहे ते पंचांग न उघडता सांगता येईल.

तेव्हा धुण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची. दोन तांबे पाणी ओतायचे, एका पायाने दुसरा पाय घासायचा आणि तशाच ओल्या पावलांनी फरशीवर नकाशे काढीत आत जायचे! सकाळी कचेरीची घाई असली तर त्याच ओल्या पायांवर मोजे चढतात. बोटांच्या बेचक्यांत पाणी तसेच राहते. तेथे बुरशी धरते, कातडी पांढरी पडून फुगते, खाज सुटते. आपण तिला ‘चिखल्या’ म्हणतो आणि दोष चिखलाला देतो. चिखल बिचारा केव्हाच धुऊन गेलेला असतो. मागे राहिलेले असते ते पाणी.

साने गुरुजी जन्माने कोकणचे, पण आम्ही खानदेशी त्यांना आमचेच मानतो. १९२४ ते १९३० या काळात त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकविले, आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने उतरवून घेतली. त्यांच्या ‘श्यामची आई’तला तो प्रसंग कोणाला ठाऊक नाही? स्नान झालेला लहानगा श्याम जमिनीवर पाय टेकायला तयार नाही. तळव्यांना घाण लागेल म्हणून तो हट्ट धरतो, आणि आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते. मग ती त्याला सांगते, की पायाला जपतोस तसाच मनालाही जप.

मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. या प्रसंगाचे तात्पर्य विचारले की एकजात सारे विद्यार्थी मनाच्या स्वच्छतेविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण श्यामचे तळवे ओले होते आणि आईने ते टिपण्यासाठी वस्त्र पसरले, हे कोणी लिहीत नाही. ओल्या पावलालाच घाण चिकटते, ही साधी गोष्ट त्या मुलाला कळली होती. मनाचा अर्धा धडा आपण पाठ केला. पायाचा अर्धा तसाच राहून गेला.

पायांची ही कथा, तर बुटांची काय सांगावी! घामाला स्वतःला फारसा वास नसतो. घामावर पोसणारे जंतू तो निर्माण करतात. दिवसभर घामाने भिजलेला बूट रात्री कपाटात कोंडला आणि सकाळी पुन्हा पायात घातला, तर त्या जंतूंची चंगळच होते. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो. पावसात भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तो सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. कडक उन्हात कातडे तडकते. मोजे सुती असावेत आणि रोज धुतलेले असावेत.

एवढ्यावर भागले असते तर मी दिवाळी अंकाची जागा अडविली नसती. पण माझ्या धुळ्याच्या मामांची हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. मामांना मधुमेह होऊन बरीच वर्षे झालेली. एका लग्नात ते सकाळपासून नव्या बुटात वावरत होते. रात्री बूट काढला तर मोजा रक्ताने माखलेला, आणि बुटातून हरभऱ्याएवढा खडा बाहेर पडला. मामी घाबरल्या. मामा हसून म्हणाले, “माले काहीच दुखस नही!”

न दुखणे हेच तर दुखणे होते. मधुमेह दीर्घकाळ राहिला की पायांच्या मज्जातंतूंची जाणीव बोथट होते, रक्तपुरवठाही पुष्कळदा मंदावतो. जखम होते ती कळत नाही, आणि झालेली लवकर भरत नाही. ती जखम चिघळली आणि मामांचे एक बोट काढावे लागले.

वेल्लोरला १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हीच गोष्ट दाखवून दिली होती. हातापायांची हानी मुख्यतः होते ती न जाणवलेल्या जखमांनी. वेदना ही शत्रू नव्हे, राखणदार आहे. हा राखणदार झोपला की त्याचे काम डोळ्यांनी करावे लागते. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर आढळली. म्हणजे हा प्रश्न एकट्या माझ्या मामांचा नव्हे.

आता रोज रात्री मामी मामांचे पाय पाहतात. कोमट पाणी आधी कोपराने अजमावतात, कारण मामांच्या पायाला चटका कळणार नाही. पाय धुऊन बेचक्या मऊ पंचाने एकेक करून टिपतात. तळव्याखाली आरसा धरून भेग, फोड, लाली शोधतात. टाचांना तेल लावतात, बेचक्यांत मात्र नाही. नखे सरळ कापतात, कुरूपाला पात्याने हात लावीत नाहीत. सकाळी मामा बूट उलटा करून आपटतात, आत हात फिरवतात आणि मगच पाय घालतात.

चैत्रात खानदेशातून कितीतरी भाविक पायी सप्तशृंगीच्या गडावर जातात. त्या दिवसांत आमच्याकडचे ऊन काय असते ते वेगळे सांगायला नको. पावलांची जाणीव गेलेल्या माणसाने त्या तापल्या रस्त्यावर अनवाणी चालू नये. जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पायात नीट वहाण घालावी. भक्तीत त्याने उणेपणा येत नाही.

या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांना वस्त्र तर आपण देणारच. त्याबरोबर एक मऊ पंचा आणि एक हातआरसाही द्यावा. आणि त्यांना वाकून नमस्कार करताना क्षणभर थांबून त्या पावलांकडे नीट पाहावे. एखादी भेग, एखादा फोड दिसला तर आशीर्वाद घेऊन उठल्यावर पहिले काम डॉक्टरांना दाखविण्याचे!