चिकोरिटावर अन्याय नको



‘पोकेमॉन गोल्ड’ या खेळात सुरुवातीचा पोकेमॉन म्हणून चिकोरिटा निवडणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं, हे गेल्या अंकातल्या पत्राचं मत एकांगी आहे. पहिला जिमप्रमुख फाल्कनर पक्ष्यांचा, दुसरा बग्सी कीटकांचा. दोघंही चिकोरिटाच्या गवतप्रकाराला जड जातात, हे कबूल. पण व्हायोलेट शहरात बेलस्प्राउट देऊन ऑनिक्स मिळतो, त्याच्यापुढे फाल्कनरच्या पक्ष्यांची चोच बोथट! खरी कसोटी तिसरी, व्हिटनीची मिलटँक. तिचा ‘रोलआउट’ हल्ला लागत गेला की दर फेरीला जोर दुप्पट. भलेभले तिथे गारद होतात. चिकोरिटा बाराव्या पातळीलाच ‘रिफ्लेक्ट’ शिकते: पाच फेऱ्या शारीरिक मार जवळपास निम्मा, तोही मैदानातला गडी बदलला तरी. सुरुवातीचा दुसरा पर्याय असलेल्या सिंडाक्विलकडे आहे असं काही? पत्रलेखकाने निदान व्हिटनीपर्यंत तरी चिकोरिटाला सोबत न्यावं, मग निकाल द्यावा.

– एक वाचक