उपग्रह, अळी आणि ग्रामसभा

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकाअखेरीपासून एका चिमुकल्या भुंगेऱ्याने पाइनची अफाट जंगले मारली. उपग्रहचित्रांवरून त्या हानीचे नकाशे झाले. परंतु भुंगेरा लागलेले झाड तांबडे पडते ते पुढील वर्षी. तोवर कीड दुसऱ्या झाडावर गेलेली असते. आकाशातून दिसते ती बहुधा मृत्यूची नोंद.

सातपुड्यात ही अडचण दुणावते. यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातील मुख्य वृक्ष साग. पावसाळ्याच्या आरंभी एक अळी त्याची कोवळी पाने फस्त करते. पुढे दुसरी पानांची नुसती जाळी करून ठेवते. झाड सहसा मरत नाही, पण वाढ खुंटते. केरळातील नीलांबूरच्या कोवळ्या सागलागवडीत ही घट ४४ टक्के मोजली गेली. मात्र ऐन पावसाळ्यात साध्या कॅमेऱ्याला ढगांआडचे दिसत नाही आणि उन्हाळ्यात साग मुळातच निष्पर्ण असतो. अळीने ओरबाडलेले रान कोणते आणि ऋतूने उघडे केलेले कोणते, हे तेथे राहणारा पावरा, भिल्ल वा तडवी सांगू शकतो.

नेमकी त्याचीच साक्ष आपली व्यवस्था दुय्यम मानते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली शेतजमिनीचा दावा करणाऱ्या आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. उपग्रहचित्र अन्य पुराव्यास पूरक असेल, त्याची जागा घेणार नाही, असे २०१२ चे सुधारित नियम सांगतात. तरीही गुजरातेत चित्रांच्या आधारे दावे फेटाळले गेले आणि २०१३ मध्ये उच्च न्यायालयाला त्यांच्या फेरविचाराचा आदेश द्यावा लागला.

याउलट १९९७-९८ मध्ये मध्य प्रदेशातील सालवनांवर खोडकिड्याचे संकट कोसळले, तेव्हा भुंगेरे वेचण्यासाठी वनखात्याने गावकऱ्यांनाच मोल देऊन बोलावले. संकटात ज्याचे हात चालतात, त्याचा शब्द हक्काच्या वेळी का चालू नये?

वनरक्षणाचा अधिकार कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला दिलेलाच आहे. तो कागदावर राहू नये म्हणून जळगाव-धुळ्याच्या वनविभागांनी ऋतुवार उपग्रहचित्रे ग्रामसभांना द्यावीत. रानात फिरून खातरजमा करणाऱ्यांना रोजी द्यावी. त्यांची नोंद दप्तरी पुरावा म्हणून घ्यावी. जे चित्र आदिवासीच्या जमिनीविरुद्ध उभे राहू शकते, ते प्रथम त्याच्या हाती असले पाहिजे.