एका पायरीचे अंतर

लहानपणच्या पोलिओमुळे माझी धाकटी बहीण चाकाच्या खुर्चीत असते. दरवर्षी गणपतीला ती आमच्याकडे नारायण पेठेत येते. नव्हे, येत असे. मागच्या खेपेला परत जाताना आम्ही तिला डेक्कनहून मेट्रोने पुणे स्टेशनपर्यंत नेले. वर जायला लिफ्ट होती, फलाट आणि डबा एका पातळीत होते. खुर्ची सहज आत गेली. "दादा, कुणाचा हात धरावा लागला नाही," असे ती चारदा तरी म्हणाली असेल.

संध्याकाळी तिच्या गावी उतरताना मात्र फलाट डब्याच्या खूप खाली होता. स्टेशनचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा एका स्टेशनचा दोष नव्हे. दोन अनोळखी गृहस्थांनी काखेत हात घालून तिला खाली घेतले. माणसे भली होती. पण घरी पोचल्यावर ती हळूच म्हणाली, "पडायची भीती नाही वाटत रे. असं उचलून घ्यायची लाज वाटते. आता गणपतीला तूच येत जा."

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. कायदे नाहीत असे नाही. १९९५च्या कायद्यात रेल्वेचे डबे अपंगांना वापरता येतील असे करावेत, असे म्हटले होते. पुढे शब्द होते, 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला अशा शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २०१६ साली नवा कायदा आला, पण त्याखालच्या नियमांत बरेचसे निकष शिफारशीसारखेच राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे निकष करा, असे केंद्राला बजावले. मधल्या काळात 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द उंचावला, फलाट किती ठिकाणी उंचावले?

अडचण आहे ती सारखेपणाची. उपनगरी गाड्यांचे फलाट रुळापासून ८४० ते ९२० मिलिमीटर उंच, लांब पल्ल्याच्या गाड्यांचे उंच फलाट ७६० ते ८४०, आणि आडगावचे कित्येक फलाट जवळजवळ रुळाला टेकलेले. त्यात एकट्या महाराष्ट्रात कारभार किती जणांचा! पुणे मध्य रेल्वेकडे, नांदेड सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेकडे, गोंदिया बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. कोकणातला मार्ग तर वेगळ्या महामंडळाने बांधला. तिकीट एकच, पण प्रवाशाने चढताना एक नियम गृहीत धरावा आणि उतरताना दुसरा. दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला. तो फलाटावर नेमका कुठे येईल हे आधी कळेलच याची खात्री नाही.

पूर्वी मिरजेला तीन रुंदीचे रूळ एकत्र येत: ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज. माल उतरवायचा, पुन्हा चढवायचा. हा खोळंबा देशाला परवडेना, म्हणून १९९२ साली रुंदी एक करण्याचा मोठा कार्यक्रम रेल्वेने हाती घेतला आणि बऱ्याच अंशी तडीस नेला. मालासाठी जे जमले ते माणसांसाठी का जमू नये? अपंग प्रवाशाच्या वाट्याला आजही दर स्टेशनावर ते जुने मिरज येते. युरोपीय संघाने तर २०१४ साली अनेक देशांच्या रेल्वेला सुगम्यतेचे एकच निकष लावले. आपला देश एक आणि रेल्वेमंत्रीही एक.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. सगळे फलाट एका वर्षात उचलले जाणार नाहीत, हेही खरे. पण नवे बांधकाम एकाच मापाने व्हावे, गाडी थांबते त्या प्रत्येक स्टेशनावर घडीचा उतार ठेवावा, तो लावायला नेमून दिलेला माणूस असावा आणि डब्याची जागा फलाटावर रंगवलेली असावी, एवढे तरी आज करता येईल. बँकांनी धनादेशांचा एकच नमुना स्वीकारला तेव्हा कोणतीही शाखा 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' म्हणाली नाही. म्हणूच शकत नव्हती.

शिवाय हे काही मूठभरांचे काम नव्हे. २०१४च्या जानेवारीत घाटकोपरला फलाट आणि गाडी यांमधल्या फटीत पडून एका धडधाकट मुलीने दोन्ही हात गमावले. फलाट नीट असेल तर आजीबाई, गरोदर सून, गुडघे धरलेले माझ्यासारखे सगळेच दुवा देतील.

यंदा गणपतीला मी बहिणीकडे जाईन. भावाबहिणीची भेट होईल. पण भाऊ भेटला म्हणजे माहेर भेटले असे होत नाही. माहेराला स्वतः यावे लागते, आणि तिचे माहेर एका पायरीच्या अंतरावर अडले आहे.