फायरफॉक्स, मराठी आणि सरकारी अर्ज

अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेली वसाहत. येथील विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, शिक्षकाची ‘सरल’ प्रणालीतील नोंद आणि शेतकऱ्याचा सातबारा या गोष्टी आता संगणकाच्या पडद्यावरूनच हाती येतात. ज्या आज्ञावलीतून हे सारे उघडते ती म्हणजे ब्राउझर. भाषाप्रेमींनी तिला ‘न्याहाळक’ असे नाव दिले, पण ते लोकांच्या तोंडी बसले नाही. बहुतेकांच्या लेखी ब्राउझर म्हणजे क्रोम. त्याला पर्याय म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या फायरफॉक्सचे मूल्यमापन परदेशी नियतकालिकांतील वेगाच्या शर्यतींवरून न करता आपल्या गरजांवरून केले पाहिजे.

नेटस्केप कंपनीने १९९८ साली आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांना खुली केली. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची सद्दी होती. त्याच्या २००१ मधील सहाव्या आवृत्तीनंतर सातवी येण्यास तब्बल पाच वर्षे लागली. स्पर्धकच उरला नाही की मक्तेदाराला घाई कशाची?

मराठी वाचकाला मात्र फायरफॉक्सने प्रारंभी निराशच केले. त्या काळी अनेक मराठी संकेतस्थळांचा मजकूर युनिकोडमध्ये नसून ज्याच्या त्याच्या खाजगी टंकात, म्हणजे फॉन्टात, असे. हा टंक आपोआप उतरवून घेण्याची एक्सप्लोररची रीत फायरफॉक्सला अवगत नव्हती. परिणामी बातमीच्या जागी अनाकलनीय चिन्हांची रांगोळी उमटे. ‘पद्मा’ या पूरक आज्ञावलीने भारतीय भाषांतील अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. कोणत्याही कंपनीच्या परवानगीवाचून बाहेरच्या माणसाला असा उपाय शोधता आला, हे खुल्या संहितेचे फळ होय. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने आपली रचना आमूलाग्र बदलली, वेग वाढवला आणि त्या फटक्यात जुन्या धाटणीच्या साऱ्या पूरक आज्ञावली निकामी झाल्या. सुदैवाने तोवर युनिकोडचा प्रसार झाला होता.

आज शिक्षकाच्या वा लिपिकाच्या उपयोगाचे गुण पाहू गेल्यास ते किरकोळ नाहीत. फायरफॉक्सची मराठी आवृत्ती आहे आणि ती स्वयंसेवकांच्या श्रमांतून झाली आहे. मराठी शब्दसंग्रह जोडला की लिहिता लिहिता अशुद्ध शब्दाखाली लाल रेघ उमटते. देवनागरीसाठी स्वतंत्र टंक निवडण्याची सोय आहे. ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी प्रमाण ठरविला असताना पडद्यावर हिंदी वळणाची अक्षरे वाचत वाढणाऱ्या मुलांच्या शिक्षकाला तिचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

दुसरा गुण जुन्या यंत्रांचा. ग्रामीण शाळांतील संगणक दर तीन वर्षांनी बदलले जात नाहीत. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती जानेवारी २०२३ मधील. फायरफॉक्सच्या ११५ क्रमांकाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला त्यानंतरही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या. एक्सपी यंत्रांनाही त्याने २०१८ पर्यंत साथ दिली होती.

आता उणिवा. मराठी भाषांतर समतोल नाही. मध्येच इंग्रजी शब्द डोके वर काढतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्राउझरमध्येच, मजकूर बाहेर न पाठवता, भाषांतर करण्याची उत्तम सोय आली. पण तिच्या पहिल्या यादीत एकही भारतीय भाषा नव्हती. बहुतेक अँड्रॉइड दूरध्वनींवर क्रोम आधीच बसविलेले असते, फायरफॉक्स मुद्दाम शोधून घ्यावे लागते, आणि तेवढे कष्ट कोण घेतो? याहून गंभीर गोष्ट पैशाची. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलकडून, त्याच्या शोधयंत्राला पहिले स्थान देण्याबद्दल मिळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने शोधक्षेत्रातील गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरविली. तथापि सप्टेंबर २०२५ च्या निवाड्यात असे पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही. ज्याच्याशी झुंजावयाचे त्याच्याच शिधोरीवर जगावयाचे, अशी ही विचित्र अवस्था आहे.

फायरफॉक्सची सर्वांत जाचक उणीव मात्र त्याच्या अंगची नाहीच. अर्ज भरताना ‘क्रोम वापरा’ अशी सूचना वाचावयास मिळते, किंवा काहीच न सांगता छायाचित्र चढविण्याचे बटण मुके राहते. अर्जदाराला वाटते आपलेच चुकले. हा अनुभव नवा नाही. काल हीच सक्ती एक्सप्लोररची होती. निविदांच्या डिजिटल स्वाक्षरीसाठी जावाच्या जोडणीवर विसंबलेल्या संकेतस्थळांची क्रोमने २०१५ मध्ये ती जोडणी बंद करताच पंचाईत झाली. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या सर्वसाधारण आवृत्तीनेही ती काढून टाकली. एक्सप्लोरर तर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. एका कंपनीच्या ब्राउझरला धरून बांधलेली सार्वजनिक व्यवस्था त्या कंपनीच्या मर्जीनुसार कोसळते, याचा एवढा ढळढळीत पुरावा हाती असूनही आज क्रोमच्या बाबतीत तोच प्रकार चालू आहे. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० पासून क्रोमच्याच पायावर उभा आहे, तेव्हा ‘दोन ब्राउझरांत तपासले’ या दाव्यालाही फारसा अर्थ उरत नाही.

शासकीय संकेतस्थळे निरनिराळ्या ब्राउझरांत नीट चालावीत, अशी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. त्यांना दात मात्र नाहीत. राज्याच्या खात्यांनी व विद्यापीठांनी संकेतस्थळाचे कंत्राट देताना एकच अट घालावी: मराठीतील संपूर्ण अर्ज, छायाचित्र आणि शुल्कासह, पावती मिळेपर्यंत फायरफॉक्समध्ये भरून दाखविल्याखेरीज कंत्राटदाराचे शेवटचे देयक मंजूर होणार नाही. ती तपासणी मंत्रालयातील नव्या यंत्रावर न होता एखाद्या तालुक्याच्या शाळेतील जुन्या संगणकावर व्हावी.